झोपेत अडणारा श्वास आणि घरातले यंत्र



मराठी घरात घोरण्याला आजाराचा मान कधी मिळालेला नाही. दिवसभर कष्ट केलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागला, की "गाढ झोप लागली" असे समाधानाने म्हटले जाते. त्याचे घोरणे ओसरी ओलांडून शेजारच्या घरापर्यंत गेले, तर दुसऱ्या दिवशी थट्टेला एक विषय मिळतो. तोच माणूस भर दुपारी ग्रामसभेत, कीर्तनात किंवा एस. टी. च्या बाकावर डुलक्या घेऊ लागला, तर त्याला कुंभकर्ण म्हणून लोक मोकळे होतात. रात्रभर झोपलेल्या माणसाला दिवसा इतकी झोप का यावी, हा साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर घरात बहुधा एकाच व्यक्तीला ठाऊक असते. ती म्हणजे शेजारी झोपणारी पत्नी. घोरण्याचा आवाज चढत जातो आणि एकाएकी थांबतो, हे तिने ऐकलेले असते. छाती हलत असते, पोट वरखाली होत असते, परंतु नाकातोंडातून हवा जात नाही. दहा, वीस, क्वचित चाळीस सेकंद अशा शांततेत जातात. मग गुदमरल्यासारखा मोठा हुंकार येतो, माणूस कूस बदलतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. ती घाबरून त्याला हलविते, पुन्हा पडते, पुन्हा कान देऊन जागी राहते. सकाळी त्याला यांतील काहीही आठवत नाही. डॉक्टरांनी "झोप कशी लागते?" असे विचारले, तर तो "उत्तम" असे सांगतो, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेही असते. यास्तव या आजाराच्या तपासणीला जाताना रुग्णाबरोबर घरातील माणसाने जाणे अगत्याचे आहे.

या विकाराला वैद्यकात स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासावरोध, असे म्हणतात. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात व श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो, मानेभोवती चरबी साठलेली असते, जबडा लहान किंवा मागे गेलेला असतो, त्यांच्यात जीभ व टाळूचा मऊ भाग मागे पडून ही वाट बंद होते. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि स्नायूंना पुन्हा ताठ करतो. हा प्रकार तासाला पाचाहून कमी वेळा घडला, तर त्याची चिंता करीत नाहीत. पाच ते पंधरा वेळा घडल्यास तो सौम्य, पंधरा ते तीस वेळा घडल्यास मध्यम आणि तिसांहून अधिक वेळा घडल्यास तीव्र समजतात. तीव्र विकाराचा रुग्ण आठ तासांत दोनशे चाळीस वेळांहून अधिक गुदमरून अर्धवट जागा होत असतो. अशा रात्रीनंतर सकाळी डोके जड असणे, चिडचिड, विसराळूपणा, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे आणि औषधे घेऊनही न उतरणारा रक्तदाब ही लक्षणे दिसतात. पुढे हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो.

हा केवळ शहरी व लठ्ठ माणसांचा आजार आहे, असा एक समज आढळतो. लठ्ठपणा हे मोठे कारण खरे; पण सडपातळ माणसांतही, विशेषतः जबड्याची ठेवण तशी असल्यास, हा विकार होतो. आपल्या राज्यातील माहिती द्यायची, तर मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील ६५८ पुरुषांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. हे लोक आजारी म्हणून नव्हे, तर नेहमीच्या तपासणीसाठी आलेले होते. तरीही त्यांच्यात दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के निघाले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी देशातील अनेक अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये काढलेला अंदाज याहून मोठा आहे. भारतातील प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना तो विकार असावा, असे त्यांचे म्हणणे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत या प्रश्नाला एक वेगळी निकड आहे. ती रस्त्यावर दिसते. नारायणगावचा टोमॅटो, मंचरच्या बाजारातील भाजीपाला, ओतूर-आळेफाट्याकडील कांदा हा माल मोठ्या प्रमाणावर रात्रीच्या प्रवासाला निघतो. पिकअप व ट्रक पुणे-नाशिक महामार्गाने किंवा माळशेज घाट उतरून वाशी व कल्याणकडे जातात आणि पहाटेचा बाजार गाठतात. झोपेतील श्वासावरोधाचा उपचार न घेतलेल्या चालकाकडून अपघात होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. डोळे मिटून जाण्यास दोन सेकंद पुरतात आणि माळशेजच्या वळणावर तेवढ्या वेळात गाडी कोठे जाईल, हे सांगण्याची गरज नाही. तंबाखूची चिमूट, चहा, खिडकीतून येणारा गार वारा हे चालकांचे नेहमीचे उपाय होत. मोडलेली झोप त्यांनी भरून निघत नाही.

आता उपचाराविषयी. १९८० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी एक साधी कल्पना अमलात आणली. घसा आतून मिटत असेल, तर नाकावाटे किंचित दाबाची हवा सोडून तो उघडा ठेवावा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसाच हा प्रकार. झाडू मारण्याच्या विजेच्या यंत्रातील मोटार उलटी लावून त्यांनी पहिले यंत्र बनविले आणि १९८१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती दिली. त्यापूर्वी तीव्र रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करून देत असत. आज ज्याला सीपॅप म्हणतात ते यंत्र चपलांच्या खोक्याएवढे किंवा त्याहून लहान असते. त्यातून एक नळी निघते आणि ती नाकावरच्या किंवा नाकतोंडावरच्या मास्कला जोडतात. यंत्राचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या ४ ते २० सेंटिमीटर इतका ठेवता येतो. कोणाला किती दाब लागेल हे तपासणीवरून डॉक्टर ठरवितात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो पंचायतींच्या कारभाराशीही संबंधित आहे. २०२१ च्या कोविड लाटेत गावोगावी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. त्यांतील काही यंत्रे आता कोपऱ्यात पडून आहेत. श्वासाचा त्रास म्हटला की "ते मशीन काढून द्या" अशी सूचना लगेच होते. परंतु ते यंत्र हवेतील प्राणवायू वेगळा करून देते; मिटलेला घसा ते उघडू शकत नाही. सीपॅप प्राणवायू देत नाही, साधी हवाच दाबाने देते. चुलीच्या धुरामुळे किंवा विडीमुळे फुप्फुसे खराब झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असतो. अशांना वैद्यकीय सल्ल्याविना प्राणवायू लावल्यास प्रकृती सुधारण्याऐवजी बिघडू शकते. त्यांच्यासाठी श्वास घेताना जास्त व सोडताना कमी दाब देणारे बायपॅप हे निराळे यंत्र असते. ही तीन यंत्रे दिसायला सारखी वाटली, तरी एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

हृदयाची शस्त्रक्रिया रुग्णालयात होते आणि रुग्ण बरा होऊन घरी येतो. येथे क्रम उलटा आहे. तपासणी एका रात्रीची असते. आता लहान उपकरण घरी नेऊनही ती करता येते. उपचार मात्र घरातल्या खाटेवर, रोज रात्री, वर्षानुवर्षे चालतो. यंत्र काढून ठेवले की त्याच रात्री घसा पुन्हा मिटतो. दररोज निदान चार तास आणि दहांपैकी सात रात्री वापर झाला, तर तो पुरेसा मानण्याचा वैद्यकीय संकेत आहे; पण संपूर्ण झोपेसाठी वापरणे हेच योग्य. पुष्कळ यंत्रे लवकरच कपाटात जातात, याची कारणे बहुधा आजारात नसून घरात असतात.

पहिला अडथळा मास्कचा. तोंडावर काही बांधून झोपणे कोणालाही नकोसे वाटते. दिवसा बैठकीत बसून, रेडिओ ऐकताना किंवा दूरचित्रवाणी पाहताना अर्धा तास मास्क लावून बसावे, म्हणजे रात्री तो परका वाटत नाही. दाब हळूहळू वाढविण्याची सोय यंत्रात असते, तिचा उपयोग करावा. भरघोस मिशांच्या कडेने हवा सुटते. जुन्नरकडच्या ज्येष्ठांना मिशी कापा म्हणणे सोपे नाही. अशांना नाकपुड्यांत बसणाऱ्या लहान उशांचा मास्क पुष्कळदा चालतो. मास्कवर काही बारीक छिद्रे असतात. ती सोडलेला श्वास बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली आहेत. त्यांतून हवा फुसफुसते म्हणून चिकटपट्टी लावून ती बंद करण्याचा सुज्ञपणा कोणी करू नये.

दुसरा अडथळा पाणी, धूळ आणि थंडीचा. घसा कोरडा पडू नये म्हणून यंत्राला पाण्याचे पात्र जोडतात. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावयाचे असते. बोअरवेलचे जड पाणी घातल्यास थोड्याच दिवसांत तळाशी पांढरा थर बसतो. बॅटरीसाठी मिळणारे पाणी स्वस्त म्हणून तेच वापरण्याचा मोह टाळावा. ते श्वासासाठी तयार केलेले नसते. पात्रातील उरलेले पाणी रोज सकाळी फेकून पात्र वाळवावे, मास्क साध्या साबणाने धुवावा. यंत्राच्या मागील बाजूस हवा गाळणारी चकती असते. मळणीच्या दिवसांत, कांद्याच्या चाळीजवळच्या घरात किंवा कच्च्या रस्त्यालगत ती चार दिवसांत काळी होते. ती प्रकारानुसार धुवावी किंवा बदलावी. डिसेंबर-जानेवारीत खोली गार पडली, की नळीत वाफेचे पाणी साठून ते थेंबाथेंबाने नाकात येते. नळी पांघरुणाखालून घेतली किंवा तिला जुन्या कापडाचे आवरण शिवले, की बहुतांशी भागते. घरात धान्य असले की उंदीर आलेच. म्हणून नळी दिवसा उंच खुंटीवर टांगावी.

तिसरा अडथळा विजेचा आहे आणि या भागात तोच सर्वांत मोठा होय. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे येथील पुष्कळ कुटुंबे गावठाण सोडून आपापल्या मळ्यात राहावयास गेली. गावठाणाची वीजवाहिनी आणि शेतीची वाहिनी या वेगवेगळ्या असतात. गावठाणात दिवा असतो, तेव्हा मळ्यातील वस्तीवर अंधार असू शकतो. पश्चिमेकडे, भीमाशंकर-आहुपे पट्ट्यात, पावसाळ्यात एक तार तुटली तर धुक्यात व चिखलात ती शोधून जोडेपर्यंत रात्र निघून जाते. अशा ठिकाणी रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो असा: मास्क तोंडाला असताना वीज गेली, तर गुदमरून मरण येईल काय? याचे उत्तर स्पष्टपणे, सर्वांच्या देखत दिले पाहिजे. मरण येत नाही. नाकावरचा मास्क असल्यास तोंड मोकळे असते. नाकतोंडावरच्या मास्कमध्ये दाब थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडप आपोआप उघडते. बहुधा माणूस जागा होतो, मास्क काढतो आणि कुशीवर झोपतो. त्या रात्रीचा उपचार हुकतो, एवढेच नुकसान. बायपॅपवर अवलंबून असलेल्या गंभीर फुप्फुसरोग्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी पर्यायी वीज आधीच तयार असली पाहिजे.

आणि ती तयार ठेवणे वाटते तितके महागाचे नाही. पाण्याचे पात्र बंद ठेवले, तर सीपॅपला सुमारे ३० ते ४० वॅट वीज पुरते. म्हणजे छताच्या जुन्या पंख्याहून कमी. आठ तासांना ती ३२० वॅट-तासांच्या आत बसते. पुष्कळ घरांत असणाऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत पूर्ण चार्ज झाल्यावर सुमारे १८०० वॅट-तास असतात. बॅटरी टिकावी म्हणून त्यांतील निम्मेच वापरले आणि थोडी गळती धरली, तरी दोन रात्री निघतात. पात्र तापविण्याची सोय चालू ठेवल्यास हा हिशेब पार बदलतो, कारण वीज दुप्पट-तिप्पट लागते. सबब वीज गेली की प्रथम ती बंद करावी. या यंत्रांचा अडॅप्टर सहसा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, म्हणून मळ्यातील कमी दाबाच्या विजेवरही यंत्र काम देते. धोका असतो तो वीज परत येताना बसणाऱ्या उसळीचा. त्यापासून बचाव करणारा साधा बोर्ड हा टाळण्याजोगा खर्च नव्हे.

विजेची आणखी एक बाजू आहे. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने दिवसा व रात्री येते. रात्रीची पाळी असली की शेतकरी पाणी द्यायला उठतो. जुन्नर वनविभागाच्या उसाच्या पट्ट्यात रात्री बाहेर पडणे म्हणजे बिबट्याच्या वाटेत जाणे, हे माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र असलेल्या तालुक्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. दिवसा वीज हवी, ही मागणी त्यामुळेच येथे सतत होत आली. शेतीला दिवसा वीज मिळावी, हाच २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश आहे. या मागणीला आरोग्याचेही कारण आहे. ज्याची झोप मुळातच दर दोन मिनिटांनी मोडते, त्याला मध्यरात्री दोन वाजता दारे धरायला उठविले, तर उरलेली झोपही जाते. अशा शेतकऱ्याने दुपारी पडताना मास्क लावला पाहिजे. झोप दिवसाची असली तरी घसा तसाच मिटतो. ही गोष्ट फारच थोड्या रुग्णांना सांगितली जाते.

शिक्षकांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. लहान मुलांनाही हा विकार होतो आणि त्यांच्यात त्याचे कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल व नाकामागील ॲडिनॉइड ग्रंथी हे असते. असे मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, अंथरूण ओले करते आणि वर्गात पेंगते. काही मुले पेंगण्याऐवजी फार चळवळी होतात, आणि त्यांची गणना द्वाड मुलांत होते. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत मुले एकत्र झोपतात. रात्री फेरी मारणाऱ्या अधीक्षकांना आईवडिलांपेक्षाही हे लवकर कळू शकते. "हा पोरगा फार घोरतो" ही मुलांची तक्रार थट्टेवारी न नेता आरोग्य तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घालावी. मुलांच्या बाबतीत शस्त्रक्रियेने प्रश्न पुष्कळदा सुटतो, यंत्राची वेळच येत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत आरोग्य सेविका व आशा कार्यकर्त्यांना फार काही जादा करावयाचे नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढील लोकांचा रक्तदाब व साखर तपासतात. त्याच वेळी घोरणे मोठ्याने होते काय, दिवसा थकवा असतो काय, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला काय, हे तीन प्रश्न विचारावेत. रक्तदाब, वजन, वय पन्नासांपुढे, मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक आणि पुरुष असणे ही आणखी पाच चिन्हे त्यांना जोडली, की डॉक्टर जगभर वापरतात ती आठ प्रश्नांची चाळणी पूर्ण होते. शिंप्याची टेप पुरेशी आहे. या प्रश्नांना स्त्रियाही सहसा "नाही" म्हणतात. बाईमाणसाने घोरणे हे सांगण्यासारखे मानले जात नाही. तेव्हा त्यांना एकीकडे विचारावे.

यंत्राची किंमत हजारांच्या मोठ्या आकड्यांत जाते, म्हणून वापरलेले यंत्र घेण्याकडे ओढा असतो. ते सर्वस्वी वर्ज्य नाही. पण दाब डॉक्टरांकडून आपल्यासाठी नव्याने ठरवून घ्यावा, मास्क, नळी व गाळणी नवीन घ्यावी, आणि यंत्राचा क्रमांक पाहून ते परत मागविलेल्या यंत्रांपैकी नाही, याची खात्री करावी. २०२१ मध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीने आवाज कमी करण्यासाठी आत बसविलेला फोम झिजून श्वासात जाण्याची शक्यता असल्यामुळे जगभरातील लक्षावधी यंत्रे परत बोलावली होती. वजन कमी करणे, निजण्यापूर्वी दारू व झोपेच्या गोळ्या न घेणे, पाठीवर न झोपणे हे उपाय बिनपैशाचे आहेत. वजन दहा टक्क्यांनी घटल्यास श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे पावपट कमी होते, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घ अभ्यासात आढळले. सौम्य रुग्णाला कधी एवढेच पुरते. तीव्र रुग्णाने यावर विसंबून यंत्र सोडू नये.

राहिला संकोच. लग्नघरी, पाहुण्यांकडे, मुंबईतील मुलाच्या दोन खोल्यांत यंत्र काढायला ज्येष्ठ माणसे लाजतात आणि दोन रात्री विनायंत्राच्या काढतात. चष्मा लावायला कोणी लाजत नाही, कानातल्या यंत्राचीही आता सवय झाली. वारीच्या दिवसांत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण मुक्काम राहुटीत आणि चालणे पंढरपूरपर्यंत. आळे, ओतूर, मंचर या भागांतून पंढरीला जाणाऱ्या दिंड्यांचे सामान वाहणारा ट्रक बरोबर असतो. त्यात १२ व्होल्टची एक बॅटरी आणि यंत्राला जोडणारी डी. सी. तार ठेवली, आणि दिवसा जेवणाच्या थांब्यावर किंवा ट्रकच्या इंजिनावर ती चार्ज केली, तर पाण्याचे पात्र न लावता यंत्र रात्रभर चालते. मास्क लावलेला वारकरी पाहून पहिल्या मुक्कामाला राहुटीत थोडी कुजबुज होईल. दुसऱ्या रात्रीपासून, त्याच्या घोरण्याने जागे राहणारे शेजारीच बॅटरी भरली की नाही याची आठवण करून देतील.